इंग्लिश ग्रामर ॲपचा ‘दोन ऑब्जेक्ट’वाला चॅप्टर: सराव भारी, समजावणं अर्धवट

ॲपचं नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण पुढे तक्रारीच जास्त आहेत. आणि हा रिव्ह्यू अख्ख्या ॲपचा नाही, पेड व्हर्जनमधल्या एकाच चॅप्टरचा आहे. शाळेत ज्याला आपण द्विकर्मक क्रियापद म्हणायचो ना तेच हे, म्हणजे गिव्ह, सेंड, शो, टेल, बाय वगैरे, ज्यांच्यामागे ‘कोणाला’ आणि ‘काय’ अशी दोन ऑब्जेक्ट्स येतात. रोजच्या बोलण्यात दर दोन मिनिटांनी लागणारी गोष्ट आहे त्यामुळे हा चॅप्टर नीट असायलाच हवा होता.

आधी चांगलं ते सांगते. सराव खरंच मस्त बनवलाय. स्क्रीनवर शब्दांचे तुकडे येतात आणि ते ओढून वाक्य लावायचं. ‘शी सेंट मी द फोटोज’ लावलं की लगेच तेच तुकडे परत विस्कटतात आणि सोबत ‘टू’चा एक तुकडा येतो, मग ‘शी सेंट द फोटोज टू मी’ लावायचं. माणूस आधी आला तर मध्ये काही नको, वस्तू आधी आली तर माणसाच्या आधी ‘टू’, एवढंच, पण ते हाताने इतक्यांदा करून घेतात की नंतर बोलताना थांबावं लागत नाही. आपल्या लोकांसाठी तर हे फारच कामाचं, कारण मराठीत ‘त्याला पुस्तक दे’ मधेही ‘ला’ आणि ‘त्याला बोलाव’ मधेही ‘ला’, आणि आपण तो ‘ला’ दिसला की इंग्रजीत ‘टू’ चिकटवून मोकळे होतो, ‘टेल टू मी’, ‘आस्क टू हिम’, ‘कॉल टू हर’. ॲप हे तीनही अचूक पकडतं आणि तिथल्या तिथे लाल करतं, त्यासाठी फुल मार्क.

‘टू’ कुठे आणि ‘फॉर’ कुठे हा भागही बरा जमलाय. गिव्ह, सेंड, लेंड, हँड, शो यांना ‘टू’ आणि बाय, मेक, कुक, फाइंड, बुक यांना ‘फॉर’. कारण मात्र सांगत नाहीत, नुसत्या दोन याद्या. खरं तर कारण एका ओळीचं आहे. पहिल्या गटात वस्तू थेट समोरच्याकडे जाते, दुसऱ्या गटात आधी तुम्ही काहीतरी करता, बनवता, मिळवता आणि मग ते त्याच्या नावावर होतं. एवढं सांगितलं असतं तर यादी पाठ करायचीच गरज नव्हती.

आता मुख्य राग. चॅप्टरच्या मध्यावर एक पिवळा बॉक्स आहे, त्यात लिहिलंय की ‘टू’वालं कुठलंही वाक्य उलटवून दोन ऑब्जेक्टचं करता येतं. कुठलंही?? अहो ‘एक्सप्लेन द प्रॉब्लेम टू मी’ उलटवून बघा, ‘एक्सप्लेन मी द प्रॉब्लेम’, चूक. ‘सजेस्ट मी अ बुक’, चूक. ‘डिस्क्राइब मी द हाउस’, ‘डोनेट देम मनी’, सगळं चूक. आणि नेमक्या ह्याच चुका आपण रोज ऑनलाइन टाइप करतो, ‘प्लीज सजेस्ट मी’ तर इतकं दिसतं की डोळ्यांना बरोबरच वाटायला लागलंय. म्हणजे जिथे शिकणारा हमखास घसरतो तिथेच ॲप त्याला मागून ढकलतंय.

ह्यामागेही एक ढोबळ कल आहे जो सांगायला काहीच हरकत नव्हती. इंग्रजीची जी जुनी घरची छोटी क्रियापदं आहेत, गिव्ह, टेल, सेंड, शो, ती दोन ऑब्जेक्ट आरामात घेतात. लॅटिन, फ्रेंचमधून आलेली जड क्रियापदं, ज्यांचा जोर शेवटच्या तुकड्यावर पडतो, एक्सप्लेन, डिस्क्राइब, अनाउन्स, ती बहुतेक वेळा नाही म्हणतात. प्रॉमिस आणि ऑफर ही पण लॅटिन मुळाचीच पण जोर पहिल्या तुकड्यावर, आणि ती चालतात, ‘शी प्रॉमिस्ड मी अ जॉब’. असाइन हा मात्र अपवाद, जोर शेवटी असूनही चालतो, त्यामुळे कायदा म्हणून डोक्यात घेऊ नका, अंदाज म्हणून घ्या. बोलण्याच्या पद्धतीची क्रियापदं पण वेगळीच वागतात, ‘टेल मी द आन्सर’ ठीक पण ‘व्हिस्पर मी द आन्सर’ कानाला खटकतं. उलट माध्यमाची नवी क्रियापदं आली की लगेच घरची होतात, ‘ईमेल मी द फाइल’, ‘टेक्स्ट मी द ॲड्रेस’, कोणी शिकवायची वाट बघितली नाही.

याच्या बरोब्बर उलटी जमात पण आहे, जिला ‘टू’ चालतच नाही. ‘इट कॉस्ट मी अ होल डे’ म्हणता येतं, ‘इट कॉस्ट अ होल डे टू मी’ नाही. फाइन (दंड करणं) आणि बेट (पैज लावणं) पण त्यातलेच. यांचा चॅप्टरमध्ये पत्ताच नाही. आश्चर्य म्हणजे आधीच्या लेव्हलच्या क्विझमध्ये कॉस्टचं वाक्य येऊन गेलंय, म्हणजे त्यांच्याकडे माल आहे, फक्त इथे ठेवला नाही.

अजून एक जागा जिथे मशीन गंडतं ती म्हणजे घेणारा खरोखर घेणारा आहे का. ‘आय सेंट द मॅनेजर अ पार्सल’ बरोबर. ‘आय सेंट द स्टेशन अ पार्सल’ हे स्टेशन म्हणजे तिथली माणसं असा अर्थ असेल तरच चालेल, नुसत्या ठिकाणाला पार्सल ‘मिळत’ नाही, तिथे ‘टू द स्टेशन’च पाहिजे. ‘ओपन मी द डोअर’ म्हणत नाहीत कारण दार काही माझं होत नाही, पण ‘ओपन मी अ बॉटल’ म्हणतात कारण ती बाटली मला मिळणार. इतकी सुंदर गोष्ट आहे ही, आणि ॲप दारवाल्या वाक्याला हिरवी टिक देतं!

दोन्ही सर्वनामं असतील तेव्हा ‘गिव्ह मी इट’ पेक्षा ‘गिव्ह इट टू मी’ जास्त सरळ, हे त्यांनी बरोबर घेतलंय. पण इंग्लंडमध्ये काही भागात लोक ‘गिव्ह इट मी’ असंही बोलतात, ते एखाद्या मालिकेत ऐकलं तर दचकू नका. आणि वस्तूचं वर्णन लांबलचक असेल तर ती शेवटी टाकायची, ‘आय गेव्ह माय सिस्टर द लॅपटॉप दॅट आय हॅड बॉट लास्ट इयर’, इथे लॅपटॉपचं शेपूट मध्ये अडकवून मग ‘टू माय सिस्टर’ म्हटलं की ऐकणारा वाट बघून दमतो. चॅप्टरमधली सगळी वाक्यं चार-पाच शब्दांची, त्यामुळे हा प्रश्न त्यांना पडलाच नाही.

पॅसिव्हचा भाग ठीकठाक. ‘आय वॉज गिव्हन अ चान्स’ शिकवलंय पण ‘आय वॉज एक्सप्लेन्ड द रूल’ का चालत नाही ते नाही, आणि का नाही ते वर कळलंच असेल. ऑडिओ स्वच्छ आहे, जाहिराती नाहीत, ऑफलाइन चालतं.

पिवळ्या बॉक्सबद्दल सपोर्टला लिहिलं होतं, उदाहरणांसकट. उत्तर आलं, ‘काइंडली एक्सप्लेन अस द इश्यू इन डिटेल’. मी काही बोलले नाही, पुढे नुसता स्क्रीनशॉट पाठवला. बॉक्स अजून तसाच आहे.

पाचपैकी तीन स्टार, तेही ओढून लावायच्या सरावासाठी. फ्री ट्रायलमध्ये हा चॅप्टर उघडा असतो, तर सराव तेवढा पूर्ण करून घ्या, पिवळा बॉक्स आला की स्किप दाबा, आणि एक्सप्लेन, सजेस्ट, डिस्क्राइब, डोनेट, अनाउन्स एवढे पाच वहीत वेगळे लिहून ठेवा.