तान्ह्या बाळासह कुडाळला: रात्रीची गाडी की दिवसाची?

मुंबईत जन्मलेल्या बाळाला सव्वा महिना उलटला की कुडाळ-कणकवलीकडच्या आजी-आजोबांचे फोन वाढू लागतात. मोटारीचा पर्याय मी येथे बाजूला ठेवतो. इतक्या लहान बाळाला कारसीटमध्ये तासन् तास ठेवता येत नाही, आणि धावत्या मोटारीत आईने त्याला मांडीवर घेऊन बसणे धोक्याचे असते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यालाही ते मान्य नाही. आगगाडीत मात्र बाळ रडले की लगेच उचलून घेता येते. तेव्हा खरी निवड उरते ती रात्रीच्या कोकणकन्येसारख्या गाडीत आणि सकाळी निघणाऱ्या मांडवीसारख्या गाडीत.

वडीलधारी मंडळी बहुधा रात्रीची गाडी सुचवतात आणि त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. उकाडा कमी असतो, फेरीवाल्यांची वर्दळ थांबलेली असते, अंधारात बाळाला पाजणे आईला सोपे जाते, आणि सकाळी घरी पोहोचल्यावर तेल लावून ऊनऊन पाण्याने बाळाला न्हाऊ घालण्याची वेळ आजीला बरोबर साधते. दिवसाची गाडी मात्र रखडली तर नेमकी तिन्हीसांजेला दारात नेऊन सोडते. त्या वेळी बाळाला उंबऱ्याबाहेर असू देणे आमच्या आईला मुळीच पसंत नाही, आणि मीठ-मोहऱ्या ओवाळून झाल्याशिवाय आम्हाला घरात पाऊल टाकता येत नाही.

तरीही रात्रीच्या गाडीबद्दल माझे मत बदलले ते डब्यातल्या दिव्यांमुळे. कुडाळला जाणाऱ्याच्या दृष्टीने ही झोपेची गाडी असते. परंतु खेड, चिपळूण, रत्नागिरी येथे उतरणाऱ्यांच्या दृष्टीने ती मध्यरात्र ते पहाट या वेळात सामान गोळा करण्याची गाडी असते. खेडच्या बऱ्याच आधी कोणाच्या तरी मोबाइलचा गजर वाजतो, दिवा लागतो, आसनाखालून पिशव्या ओढल्या जातात, एखादी चप्पल सापडत नाही आणि ‘चिपळूण आलं काय?’ हा प्रश्न संबंध डब्यात फिरतो. उतरणारा माणूस दिवा लावतो, पण तो विझवायला मागे कोणीच राहत नाही. नुकतेच डोळे मिटलेले बाळ त्या उजेडाने टक्क जागे होते. त्याला खांद्यावर थोपटून पुन्हा निजवावे, तोवर रत्नागिरीकर उठलेले असतात. यात रेल्वेचा दोष नाही आणि खरे पाहता प्रवाशांचाही नाही, कारण ज्याला उतरायचे आहे त्याने अंधारात किती चाचपडावे? पण बाळ झोपेल या एकाच भरवशावर निवडलेली गाडी त्याला झोपू देत नसेल, तर तिच्या बाकीच्या गुणांचे मोल फारसे उरत नाही.

त्यात खालच्या बर्थचा प्रश्न आहेच. बाळाला भिंतीकडे निजवायचे आणि आईने कडेला अंग चोरून पडायचे, अशी रात्र आईला जागूनच काढावी लागते. २०२२ मध्ये लखनऊ मेलमध्ये खालच्या बर्थला जोडलेल्या ‘बेबी बर्थ’चा प्रयोग झाला होता; आमच्या मार्गावर तो माझ्या तरी पाहण्यात आलेला नाही.

दिवसाच्या गाडीत बाळाची झोप तुकड्यातुकड्यांची होते, पण तशी ती घरीही होतच असते. आई-वडील आळीपाळीने त्याला घेऊ शकतात, आणि समोरच्या बाकावरची एखादी आजी न मागता हात पुढे करते. (हात धुऊन घ्या, असे तिला सांगण्याचे धैर्य मात्र अंगी हवे.) पाजताना शाल लागते आणि गर्दीत संकोच वाटतो, हे मान्य केले पाहिजे, पडदे असलेला टू-टिअर परवडत असेल तर तो प्रश्न मिटतो. साध्या डब्यात बोगद्यांचा आवाज हाही एक त्रास आहे. रत्नागिरीच्या अलीकडचा करबुडे बोगदा सुमारे ६.५ किलोमीटर लांब आहे, आणि खिडक्या उघड्या असतील तर त्यातला घणघणाट मोठ्यांनाही नकोसा होतो. उक्षी स्टेशन गेले की खिडकी लावून बाळाला पोटाशी घ्यावे, एवढाच उपाय मला ठाऊक आहे. वातानुकूलित डब्यात हा आवाज बराच दबतो. क्रॉसिंगसाठी गाडी थांबते तो वेळ दुपटी बदलण्यास उत्तम, कारण त्या वेळी डबा हलत नाही.

ज्यांना रत्नागिरीलाच उतरायचे आहे त्यांना दिवसाची गाडी निवडताना फार विचार करावा लागू नये, कारण रात्रीच्या गाडीने ते भल्या पहाटे फलाटावर उभे असतील. सावंतवाडीकरांचे गणित थोडे वेगळे असू शकेल. ज्यांचे बाळ दिव्याने उठत नाही ते भाग्यवान, त्यांनी खुशाल रात्री निघावे. पावसाळी वेळापत्रक लागू असताना गाड्या सावकाश धावतात, म्हणून शक्य असल्यास दिवाळीनंतरचे दिवस बघावेत आणि ६० दिवस आधी आरक्षण उघडताच खालचा बर्थ मागावा. परतीची दिवसाची गाडी मुंबईला रात्री उशिरा पोहोचते; तेव्हा घर उपनगरात असल्यास शेवटच्या स्थानकापर्यंत न जाता पनवेल किंवा ठाण्याला उतरणे सोयीचे पडते.