जुन्या स्विफ्टला एलईडी: आठ महिन्यांनी हेडलाइटमध्ये पुन्हा हॅलोजन, फॉग मात्र एलईडीच

गाडी २००९ ची स्विफ्ट, एच-४ हेडलाइट (डिपर आणि अप्पर एकाच बल्बमध्ये). त्यात ६००० केल्विनचे पांढरे एलईडी बल्ब टाकले आणि बंपरमधली कोरी झाकणं काढून २०-२० वॉटचे पिवळे फॉग बसवले.

पहिले दोन महिने तक्रारीला जागाच नव्हती. बल्बची पट्टी पातळ, चिप बरोबर फिलामेंटच्या जागी आणि डावी-उजवीकडे तोंड करून, त्यामुळे डिपरची कडा भिंतीवर सरळ उमटत होती. जाड पट्टीचे स्वस्त बल्ब इथेच फसतात. प्रकाश वर फुटतो आणि समोरचा शिव्या घालतो. सेटिंग साधं: १० मीटरवरच्या भिंतीवर दिव्याच्या मध्यापासून १० सेंमी खाली कडा आली पाहिजे.

आता रबरी बूट, म्हणजे हेडलाइटच्या मागचं पाणी अडवणारं रबरी झाकण. पुढच्या सगळ्या भांडणाचं मूळ तोच. हॅलोजनच्या मागे फक्त तीन पिना असतात, बूट चपखल बसतो. एलईडीच्या मागे हीटसिंक आणि पंखा. बूट त्यावरून ओढला तर पंख्याला हवा मिळत नाही, बल्ब तापतो आणि त्याचा ड्रायव्हर (करंट सांभाळणारं सर्किट) स्वतःच करंट कमी करतो, म्हणजे दहा-पंधरा मिनिटांनी उजेड मंद. बूट कापला तर पावसाळ्यात बॉनेटमधली वाफ आणि चिखलाचं पाणी थेट रिफ्लेक्टरवर. बसवणाऱ्याने न विचारता कात्री चालवली. जुलैत डाव्या दिव्यात आतून थेंब, ऑगस्टमध्ये पंखा जाम. वॉरंटीचं उत्तर: ‘पाणी गेलंय, बसत नाही.’ अहो, पाणी जाणारच, बूट तुम्हीच कापलात!

त्यात ओल्या डांबरावर हा पांढरा उजेड दिसेनासा होतो. ताम्हिणीत पावसात गाडीपुढची दहा फूट जमीन लख्ख आणि पुढचं वळण काळंकुट्ट. जवळच्या चमकेला डोळे सरावले की लांबचं दिसत नाही. बरं, नियमात न बसणाऱ्या प्रत्येक बदलाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ खाली ५,००० रुपये दंड आहे, तो वेगळाच.

मुळात हॅलोजन कमी पडतो तो बल्बमुळे नाही, वायरिंगमुळे. दहा-पंधरा वर्षं जुन्या बारीक वायरीत आणि काळवंडलेल्या होल्डरमध्ये व्होल्टेज मरतं. १० टक्के व्होल्टेज पडलं की उजेड जवळपास ३० टक्क्यांनी घटतो. दिवे लावून बॅटरीवर आणि होल्डरवर मल्टीमीटर धरा. फरक अर्ध्या व्होल्टच्या वर असेल तर रिले किट घाला, म्हणजे दिव्यांना करंट थेट बॅटरीवरून मिळतो आणि जुनी वायर फक्त इशारा देते: दोन रिले, २.५ स्क्वेअर एमएम वायर, सिरॅमिक होल्डर, आणि बॅटरीला लागूनच २० अँपिअरचा फ्यूज. किट घेण्याआधी गाडीचं स्विचिंग बघा. टेस्ट लॅम्पची क्लिप बॉडीला लावून, दिवे चालू ठेवून होल्डरची कॉमन पिन तपासा. लॅम्प पेटला तर स्विचिंग निगेटिव्ह (स्विच प्लसऐवजी निगेटिव्ह वायर जोडतो-तोडतो), आणि नेहमीचं किट तिथे चालणार नाही. एलईडी घातल्यावर मीटरवरची अप्परची निळी खूण गायब होते, तीही बहुतेक अशाच गाड्यांत.

फॉग मात्र पैसे वसूल. पिवळा रंग धुकं ‘फोडतो’ ही समजूत. धुक्याचे थेंब इतके मोठे असतात की सगळे रंग सारखेच विखुरतात. डोळ्यांवर निळी चमक कमी येते, एवढाच रंगाचा फायदा. खरं काम करते ती खालची जागा आणि चपटा, रुंद झोत. ५ मीटरवर झोताची वरची कडा दिव्यापेक्षा १० सेंमी खाली ठेवा. दोन्ही मिळून साडेतीन अँपिअरच्या आत, म्हणून फ्यूज ७.५ चा पुरतो. फॉगच्या रिलेचा ट्रिगर (चालू करणारी वायर) पार्किंग दिव्यांवरून घ्या, म्हणजे पार्किंग बंद केले की फॉगही बंद होतात. आणि दाट धुक्यात अप्पर बंद, नाहीतर फॉग असून नसल्यासारखे.

हॅलोजन परत टाकताना कापलेला बूट चिकटवत बसू नका. नवा घ्या, ‘टॉप’ लिहिलेली बाजू वर ठेवा आणि कडा चारही बाजूंनी बोटाने दाबून बघा. बल्ब धरताना काचेला बोट लावायचं नाही.