ईगल्सचा पहिला अल्बम: बर्नी लेडनसाठी ऐका, बाकीचं बोनस

कॉलेजच्या गॅदरिंगला गिटार घेऊन स्टेजवर चढलेला दर दुसरा पोरगा हॉटेल कॅलिफोर्नियाच वाजवतो, त्यामुळे आपल्याकडे ईगल्स हा अमेरिकन रॉक बँड म्हणजे ते एक गाणं आणि त्याच्या शेवटचा दोन गिटारींचा सोलो, विषय संपला. पण ते आलं १९७६ च्या डिसेंबरात, पाचव्या अल्बमवर, आणि तोवर बँडमधला एक माणूस निघून गेलेला होता. बर्नी लेडन, बँडचा गिटारवाला. जून १९७२ मध्ये आलेला पहिला अल्बम, ज्याचं नाव नुसतंच ‘ईगल्स’ आहे, तो माझ्या मते या माणसाचा अल्बम आहे. बँडचे चेहरे म्हणजे फ्रे आणि हेन्ली, त्यांचे फॅन चिडतील, चिडू देत.

चौघंच होते तेव्हा. ग्लेन फ्रे, डॉन हेन्ली, रँडी माइझनर आणि लेडन, चौघंही लॉस एंजेलिसमध्ये गायिका लिंडा रॉनस्टॅटच्या मागे वाजवणारे. त्यात माइझनर पोको या बँडमधून आलेला आणि लेडन फ्लाइंग बरीटो ब्रदर्स या बँडमधून, म्हणजे कंट्रीचं, अमेरिकेच्या गावाकडच्या संगीताचं, खरं पाणी प्यायलेले हे दोघं. फ्रे डेट्रॉइटचा, त्याला रॉक करायचं होतं. प्रोड्यूसर ग्लिन जॉन्स, रोलिंग स्टोन्स आणि लेड झेपेलिन या बड्या ब्रिटिश बँड्सबरोबर काम केलेला माणूस, त्याला हे आधी क्लबमध्ये ऐकून काही खास वाटलेच नव्हते, मग तालमीत चौघं नुसत्या अकूस्टिक गिटारवर एकत्र गायले आणि गडी तयार झाला. आणि मग ॲरिझोनाच्या रस्त्यांची, वाळवंटाच्या रात्रीची ही सगळी गाणी रेकॉर्ड झाली कुठे, तर लंडनच्या ऑलिंपिक स्टुडिओत, ऐन फेब्रुवारीत (नाइटिंगेल हे एक गाणं तेवढं नंतर घरी लॉस एंजेलिसला परत केलं). ऐकताना थंडीचा पत्ता लागत नाही.

पहिलंच गाणं टेक इट ईझी. गायक-गीतकार जॅक्सन ब्राउनने अर्धवट सोडलेलं, फ्रेने पूर्ण केलेलं, आणि ॲरिझोनातल्या विन्स्लो गावात ट्रक चालवत जाणाऱ्या पोरीची ती ओळ फ्रेची, त्या एका ओळीवर त्या गावाने चौकात पुतळा उभा केलाय! सुरुवातीचे ते मोकळे जी कॉर्ड सगळ्यांना माहीत आहेत. पण यावेळी हेडफोन लावा आणि मागे काय चाललंय तिकडे कान द्या. लेडनचा बेंजो, कंट्रीतलं ते टणटणीत तंतुवाद्य. गाणं निवांत चाललंय आणि हा मागे दुप्पट लयीत टिपऱ्या वाजवल्यासारखा सुटलाय, आणि तरी कुठेही मध्ये येत नाही, पुढे येऊन मला बघा म्हणत नाही. शेवटाकडे तो स्पष्ट ऐकू येतो तेव्हा कळतं की गाण्याचं चाक हाच फिरवत होता. बेंजो काढून टाकलात तर साधं छान रॉक गाणं उरेल, बस. आणि एक, एवढं आनंदी गाणं, पण संपताना सुरुवातीच्या जी कॉर्डवर घरी येत नाही, ई मायनर या उदास कॉर्डवर सोडून दिलंय. दरवेळी त्या शेवटच्या कॉर्डला किंचित हुरहुर लागते. ती आयडिया कुणाची मला माहीत नाही पण ज्याची असेल त्याला सलाम.

विची वुमन हेन्लीने गायलंय, पण त्याची ती दबकत येणारी रिफ, म्हणजे परत परत येणारी गिटारची धून, लेडनची. ढोल जरा जुन्या वेस्टर्न पिक्चरमधल्यासारखे, आज ऐकताना फिल्मी वाटतात, तरी गाणं चढतं. अमेरिकेच्या बिलबोर्ड चार्टवर हे नवव्या नंबरपर्यंत गेलं, टेक इट ईझीपेक्षा वर (ते बाराव्यावर अडकलं), मला अजून पटत नाही.

त्यानंतर चग ऑल नाइट. पाट्या टाकल्यात सरळ. फ्रेला रॉक करायचं होतं ना, घ्या. स्किप.

मोस्ट ऑफ अस आर सॅड मात्र सोडू नका. लिहिलंय फ्रेने, गायलंय माइझनरने, आणि इथे चार आवाजांचं ते प्रकरण काय आहे ते समजतं. हार्मनी म्हणजे एक पुढे आणि बाकीचे मागे आ-आ करतायत असं नाही, चौघांचं वजन सारखं, कोण कुठला सूर धरून आहे हे शोधायला गेलात तर हरवाल. पुढच्या अल्बममध्ये हे चकाचक झालं, इथे अजून थोडं कच्चं आहे, म्हणून जास्त आवडतं. गंमत म्हणजे दहा गाण्यांत हेन्ली फक्त दोनदा मुख्य आवाज आहे आणि माइझनर तीनदा. नंतर हेन्लीच मुख्य आवाज झाला आणि हे गणित उलटलं. नाइटिंगेल ठीकठाक, येतं आणि जातं.

दुसरी बाजू उघडते ट्रेन लीव्ह्ज हिअर धिस मॉर्निंगने, लेडनने गायक जीन क्लार्कबरोबर आधीच लिहिलेलं आणि क्लार्कच्याच डिलर्ड अँड क्लार्क या जोडीच्या रेकॉर्डवर येऊन गेलेलं. लेडनचा आवाज हेन्लीसारखा ताकदीचा नाहीये, अजिबात नाही, सपाटच आहे थोडा, पण हे गाणं त्यालाच शोभतं कारण त्यात ओरडण्यासारखं काही नाहीच, माणूस सामान बांधतोय आणि निघतोय एवढंच. अख्ख्या अल्बमवरचं माझं सगळ्यात आवडतं गाणं हे, आणि प्लेलिस्टवाले याला कधीच घेत नाहीत. अर्लीबर्ड त्याचंच, पक्ष्यांच्या किलबिलाटाने सुरू होतं, ती किलबिल एकदा ठीक आहे नंतर बोअर होते, बेंजोसाठी सहन करा. टेक द डेव्हिल जड आहे आणि कुठे पोचत नाही.

पीसफुल ईझी फीलिंग गीतकार जॅक टेम्पचिनचं. यात गिटार शिकणाऱ्यांनी ऐकायच्या त्या लेडनच्या इलेक्ट्रिकवरच्या छोट्या छोट्या जागा, सूर खालून ओढून वर नेलेले, पेडल स्टील, कंट्रीतली ती सूर घसरवणारी आडवी गिटार, वाजतेय की काय असं वाटावं असे. सोलो असा म्हणाल तर फार काही नाही, पण प्रत्येक ओळीनंतर जेवढी जागा मिळते तेवढ्यात बोलून गप्प बसायचं, हे फार कमी लोकांना जमतं. शेवटचं ट्रायिन म्हणजे लाइट बंद करताना केलेला गोंगाट.

सुमारे ३७ मिनिटं सगळं मिळून, त्यातली तीन-चार गाणी उरकलेली. साडेतीन स्टार. फक्त हिट्सवाला संग्रह ऐकलात तर यातली टेक इट ईझी, विची वुमन आणि पीसफुल ईझी फीलिंग तुमच्याकडे आहेतच, मग थेट दुसऱ्या बाजूच्या पहिल्या गाण्यावर जा, आणि आवडलं तर तसेच मागे डिलर्ड अँड क्लार्ककडे जा, पुढे हॉटेल कॅलिफोर्नियाकडे नको.