जलरंग शिकताय? सेल्युलोज पेपर घ्यावा की कॉटन

जलरंग सुरू करायचे ठरले की दुकानात पहिली चर्चा रंगांचीच होते. ट्यूब की केक, बारा शेड की चोवीस, स्टुडंट ग्रेड की आर्टिस्ट. त्यात बजेट संपतं आणि कागद उरलेल्या पैशांत येतो. मला विचाराल तर क्रम उलटा हवा. रंग साधे चालतात, ब्रश एखाददुसरा चालतो, पण कागद कोणता घेतला यावर पहिले सहा महिने कसे जाणार हे बरंचसं ठरतं.

३०० जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा जाड कागद), कोल्ड प्रेस (म्हणजे किंचित खरखरीत पोताचा), इथपर्यंत तुम्ही आला आहात असं धरतो. पुढचा प्रश्न असा की पॅडवर हाच आकडा छापलेले दोन कागद समोर असतात. एक लाकडाच्या लगद्याचा, म्हणजे सेल्युलोज. दुसऱ्यावर ‘१००% कॉटन’ लिहिलेलं असतं आणि त्याची किंमत सहज तिप्पट-चौपट. मध्ये २५% कॉटनवालेही मिळतात. ते माझ्या हाताला सेल्युलोजच्याच जवळचे वाटले, म्हणून त्यांचा वेगळा विचार करत नाही.

सेल्युलोजची बाजू आधी मांडतो, कारण ती खरोखर भक्कम आहे. स्वस्त असल्यामुळे हात मोकळा राहतो. पान वाया गेलं तरी जिवाला लागत नाही, आणि शिकताना पानं वाया जायलाच हवीत. रंग वरच राहतो, त्यामुळे वाळल्यावरही तो जास्त चमकदार दिसतो. चुकून पडलेला रंग ओल्या ब्रशने उचलून टिश्यूने टिपला की बऱ्यापैकी निघतो (थॅलो ब्लूसारखा डाग धरणारा रंग सोडून, तो कुठेच धड निघत नाही). पेनने रेखाटन करून वरून हलका रंग द्यायची आवड असेल, वाड्याचे दरवाजे, बाजार, एसटी स्टँड असं बसल्या जागी टिपायचं असेल, तर सेल्युलोज पुरेसा आहे. तिथे एकदाच रंग लागतो आणि काम संपतं. लहान मुलांनाही हाच द्यावा.

माझी अडचण दुसऱ्या थरापाशी सुरू झाली.

डोंगरांच्या रांगा घ्या. आपल्याकडे जलरंग शिकणारा प्रत्येक जण केव्हातरी सह्याद्री काढतोच. मागची रांग फिकट निळसर, मधली जरा गडद, पुढची हिरवट तपकिरी. पद्धत सरळ आहे: मागची रांग लावायची, पूर्ण वाळू द्यायची, मग मधली तिच्यावर चढवायची. खडकवासल्याच्या बाजूने दिसणारा सिंहगड आणि त्यामागच्या रांगा मी असाच करत होतो. मागच्या रांगेला अल्ट्रामरीन आणि कणभर बर्न्ट सिएना. पूर्ण वाळलं, हाताला गार लागत नव्हतं. दुसऱ्या रांगेचा ब्रश टेकवला, आडवा ओढला, आणि खालचा निळा जागा झाला. मागच्या डोंगराची कड विरघळली, तो रंग ब्रशबरोबर ओढला गेला आणि दोन रांगांच्या मध्ये राखाडी, मळकट पट्टा तयार झाला. ब्रश हलका धरून पाहिला, पाणी कमी करून पाहिलं, रात्रभर वाळवून पाहिलं. थोडा फरक पडायचा, पण दुसरा थर स्वच्छ काही बसायचा नाही.

कारण कागदातच आहे. शिकाऊ सेल्युलोज कागदावर रंग बहुतेक पृष्ठभागावरच बसतो, आत मुरत नाही. पुन्हा पाणी लागलं की तो सुटतो. कापसाचे तंतू पाणी आत घेतात आणि धरून ठेवतात, त्यांच्याबरोबर रंगही आत रुततो. पहिला थर वाळला की जागेवर राहतो आणि वरचा थर त्याच्यावरून पारदर्शक काचेसारखा जातो. जलरंगात पांढरा रंग लावायचा नसतो, उजेड कागदाच्या पांढऱ्यातून येतो आणि थरांमधून गाळून बाहेर पडतो. चित्रकार सा. ल. हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’, हातात दिवा धरलेली ती तरुणी, मैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. १९४५-४६च्या सुमाराचं ते चित्र कित्येक जण तैलचित्र समजतात, काही तर राजा रविवर्म्याचं समजतात. आहे ते जलरंगातलं. बोटांमधून झिरपणारा तो उजेड पाहिला की खालचा थर न हलता वरचा बसणं या माध्यमात काय मोलाचं आहे ते कळतं.

शिकणाऱ्याच्या दृष्टीने यातली सगळ्यात त्रासाची गोष्ट अशी की दोष कुणाचा ते समजत नाही. व्हिडिओत शिक्षक तोच स्ट्रोक मारतात आणि डोंगर सुंदर उमटतो. आपल्याकडे चिखल होतो. आपण समजतो, आपला हातच तसा आहे. माझ्या ओळखीतल्या दोघा-तिघांनी याच टप्प्यावर रंग कपाटात ठेवून दिले, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. व्हिडिओतला कागद बहुतेक वेळा कॉटन असतो, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

दुसरा फरक वेळेचा. एप्रिल-मेच्या दुपारी पुण्यात सेल्युलोजवर आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग पसरट थर, लावायला घेतला तर डावीकडून उजवीकडे पोहोचेपर्यंत डावी कड वाळायला लागते. मग ढग मऊ होत नाहीत, कडा कडक राहतात, आणि अर्धवट वाळलेल्या जागी पाणी गेलं की फुलकोबीसारखे डाग उठतात. कॉटन ओल धरतो. वेट-ऑन-वेट, म्हणजे ओल्या कागदावर ओला रंग सोडायचं काम, करताना विचार करायला, ब्रश धुवायला, दुसरा रंग कालवायला दोन-चार मिनिटं जास्त मिळतात. नवशिक्याला याच मिनिटांची गरज असते. अल्ट्रामरीनसारख्या रंगाचे कण कागदाच्या खळग्यांत बसून जो दाणेदार पोत येतो, तोही मला कॉटनवर अधिक छान दिसला.

कॉटनचे तोटेही सांगायला हवेत. रंग वाळल्यावर फिका पडतो, त्यामुळे सुरुवातीला सगळी चित्रं धुतल्यासारखी वाटतात. रंग थोडा जास्त घट्ट घ्यायची सवय करावी लागते. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या कार्ट्रिज पेपरवर हात बसलेला असेल तर हे जास्तच जाणवेल. आत मुरलेला रंग उचलणं अवघड, म्हणजे चूक झाली तर ती राहते. पावसाळ्यात मुंबईत किंवा कोकणात तो वाळता वाळत नाही, हेअर ड्रायर जवळ ठेवावा लागतो. आणि हवा दमट असली की कागदाचं साइझिंग, म्हणजे पाणी एकदम शोषलं जाऊ नये म्हणून कागदाला दिलेली खळ, खराब होऊ शकतं. कोरा कागद दिसायला व्यवस्थित असतो, पण वॉश फिरवला की जागोजागी गडद ठिपके उमटतात, तिथे कागद टिपकागदासारखा रंग पिऊन घेतो. हे सेल्युलोजच्या बाबतीतही होतं, फक्त महागाच्या कागदावर झालं की जास्त लागतं. जूनच्या आधी सगळे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून, भिंतीला न टेकवता, लोखंडी कपाटात ठेवावेत. सिलिका जेलच्या पुड्या आत टाकल्या तर उत्तमच.

हातकागदाचं काय, असं विचारणारे असतात. आपल्याकडचा हातकागद सुती चिंध्यांपासून बनतो, स्वस्त पडतो आणि त्याचा पोत फार देखणा असतो. पण साइझिंग एका गठ्ठ्यात कडक, दुसऱ्यात ढिलं, असा अनुभव मला आला. मास्किंग टेप काढताना वरचा पापुद्राही निघून येतो. हात बसल्यावर त्याच्यावर काम करायला मजा येते. पहिला कागद म्हणून मी सुचवणार नाही.

राहिला पैशांचा आणि भीतीचा मुद्दा. महागाचा कागद समोर आला की हात आखडतो, हे खरं आहे आणि सेल्युलोजच्या बाजूने याहून मोठा युक्तिवाद नाही. त्यावर उपाय म्हणून मी तयार पॅड किंवा ब्लॉक घेत नाही, पूर्ण शीट घेतो. २२ × ३० इंचाची शीट दुमडून, घडीवर नख फिरवून, स्टीलच्या पट्टीने फाडली की ११ × ७.५ इंचाचे आठ तुकडे होतात. दोन्ही बाजूंनी काम करता येतं, म्हणजे एका शीटमध्ये सोळा अभ्यासचित्रं. तुकडा लहान असल्यामुळे वॉश आवाक्यात राहतो आणि एका बैठकीत चित्र पूर्ण होतं. आर्श, सॉन्डर्स वॉटरफोर्ड किंवा फाब्रियानो आर्टिस्टिको यांच्या शीट मोठ्या शहरांतल्या चांगल्या आर्ट मटेरियलच्या दुकानांत सुट्या मिळू शकतात. यांतली कुठलीही घ्या, सुरुवातीला त्यांच्यातला फरक तुम्हाला अडवणार नाही. भारतीय ब्रँडचे १००% कॉटन कागदही आता मिळतात आणि शिकायला ते पुरेसे आहेत असं मला वाटतं.

त्या खर्चाची भरपाई रंगांतून करता येते. चोवीसचा सेट न घेता स्टुडंट ग्रेडच्या सहा-सात ट्यूब सुट्या घ्या: पिवळे दोन, लाल दोन, अल्ट्रामरीन, एखादा हिरवट निळा आणि बर्न्ट सिएना. काळा-पांढरा सध्या नको. दहा नंबरचा एक गोल ब्रश, सिंथेटिक चालेल.

आणि सेल्युलोजचं एक पॅड ठेवाच. मी रंगांचे नमुने, पेन्सिलची रचना आणि ब्रशचे सराव त्याच्यावरच करतो. चित्र करायला बसलो की मात्र कॉटनचा तुकडा काढतो. तुमचा कल रेखाटनाकडे असेल तर तुमचं उत्तर वेगळं येऊ शकतं. पण डोंगर, पाणी, धुकं काढायचं मनात असेल तर पुढच्या खरेदीत एकच शीट कॉटनची आणा आणि जो डोंगर सेल्युलोजवर मळला होता तोच, त्याच रंगांनी, तिच्यावर काढून बघा.