न्यू जर्सीतल्या कॅथलिक शाळेतली पाचवी: वर्ष संपत आल्यावरचा आमचा अनुभव

आमची मुलगी सप्टेंबरपासून इथल्या एका कॅथलिक एलिमेंटरी शाळेत पाचवीत आहे. चौथीपर्यंत ती सरकारी शाळेत होती. आता शेवटचं सत्र चालू आहे, तेव्हा बरं-वाईट लिहायला हरकत नाही. ओळखीच्या मराठी घरांतून हमखास दोन प्रश्न येतात: धर्म किती शिकवतात, आणि गणित कसं आहे? धर्माचा तास आम्हाला वाटला होता त्यापेक्षा बराच विचार करायला लावणारा निघाला. गणित मात्र बेताचं आहे.

धर्म हा इथे खराखुरा विषय आहे. त्याला पुस्तक आहे, चाचण्या आहेत, प्रगतिपुस्तकात ग्रेड आहे. तुम्ही कॅथलिक नसलात तरी तास चुकत नाही, आणि प्रवेशाच्या वेळी हे स्पष्ट सांगितलं जातं. पाचवीचा मुख्य भाग म्हणजे सात सॅक्रामेंट्स, म्हणजे चर्चचे पवित्र विधी: बाप्तिस्मा, कन्फर्मेशन (दीक्षा पक्की करणं) आणि कम्युनियन (प्रार्थनेत पवित्र भाकर घेणं) हे दीक्षेचे, कबुली आणि आजाऱ्याला तेल लावणं हे बरं करणारे, पाद्री होणं आणि लग्न हे सेवेचे. हे पाठ करून भागत नाही. प्रश्न असे येतात: अमुक माणूस मोठ्या शस्त्रक्रियेला घाबरला आहे, त्याच्यासाठी कोणता विधी, डोळ्यांना दिसणारी खूण कोणती, आणि तो कोण करू शकतो?

लग्नाचा धडा आला तेव्हा घरी मजा झाली. कॅथलिक शिकवणीप्रमाणे लग्न पाद्री लावत नाही. वधूवर एकमेकांना संमती देतात आणि त्यातूनच लग्न होतं. पाद्री चर्चच्या वतीने साक्षीला असतो. मुलीने लगेच विचारलं, मग आपल्याकडे नेमकं कोणत्या क्षणी लग्न लागतं? आजी व्हिडिओ कॉलवर होती. ती म्हणाली, अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या की लागलं. मी मंगळसूत्र म्हटलं. नवऱ्याने १९५५ चा हिंदू विवाह कायदा उघडला. त्याच्या सातव्या कलमात आहे की विधीत सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडताच लग्न पूर्ण होतं. आजीला ते अजून पटलेलं नाही. पण आम्हाला जी धास्ती होती, की मुलगी घरचं सगळं विसरेल, त्याच्या उलटंच झालं. तिथे जे शिकते त्याचं आपल्यातलं उत्तर ती घरी येऊन मागते.

मासला, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक प्रार्थनेला, सगळा वर्ग जातो. कम्युनियनच्या वेळी कॅथलिक नसलेली मुलं छातीवर हात फुलीसारखे ठेवून पुढे जातात, त्यांना फक्त आशीर्वाद मिळतो. जागेवर बसून राहिलं तरी कोणी काही म्हणत नाही. पाचवीच्या मुलांना मासमध्ये बायबलमधला उतारा मोठ्याने वाचायची पाळी येते. त्यासाठी बाई आधी पूर्ण तालीम घेतात: कुठे थांबायचं, मान कधी वर करायची, अवघड नावं कशी उच्चारायची. चार लोकांत तोंड न उघडणाऱ्या आमच्या मुलीला या एका गोष्टीचा जेवढा फायदा झाला तेवढा इतर कशाचाच नाही.

उपाशी माणसाला जेवू घालणं, आजाऱ्याला भेटणं, मेलेल्याला मूठमाती देणं अशी सात दयेची कामं असतात. तीही अभ्यासक्रमात आहेत. थँक्सगिव्हिंगच्या आधी वर्गाने डबाबंद अन्न गोळा केलं. पाचवीकडे काम होतं प्रत्येक डब्यावरची तारीख बघून मुदत संपलेले बाजूला काढण्याचं. लोक दान म्हणून काय काय देतात हे मुलांना त्या दिवशी कळलं.

विज्ञानाबद्दल मनात शंका होती. ती फोल ठरली. विश्वाच्या उत्पत्तीचा विषय निघाला तेव्हा बाईंनी जॉर्ज लमेत्र यांची गोष्ट सांगितली. विश्व प्रसरण पावतंय हे १९२७ मध्ये मांडणारे हे बेल्जियन शास्त्रज्ञ स्वतः कॅथलिक पाद्री होते. वाटाण्यांवर प्रयोग करणारे मेंडेलही मठवासी. विचारांची अडचण नाही, अडचण साधनांची आहे. पदार्थाचे कण, अन्नजाळी, गुरुत्वाकर्षण, सूर्य इतर ताऱ्यांपेक्षा तेजस्वी का दिसतो, हे सगळं आहे, पण बरंचसं पुस्तकातून आणि क्रोमबुकवरच्या व्हिडिओंतून. प्रयोगशाळा वरच्या वर्गांसाठी राखीव. सरकारी शाळेत चौथीतही याहून जास्त हाताळायला मिळत होतं.

इंग्रजी मात्र उत्तम. कर्सिव्ह लिहायला लावतात, आणि वाक्याची आकृती काढायला शिकवतात. रीड आणि केलॉग या दोघांनी १८७७ मध्ये रूढ केलेली ही पद्धत बऱ्याच शाळांतून आता गेली आहे. एक आडवी रेघ मारायची, तिला आरपार छेदणारी उभी रेघ कर्ता आणि क्रियापद वेगळे करते. कर्माच्या आधीची उभी रेघ आडव्या रेघेवरच थांबते. विशेषणं खाली तिरक्या रेघांवर लटकतात. लांबलचक वाक्य या सांगाड्यावर बसवलं की कुठला शब्द कोणाचा आहे ते दिसतं. मुलीच्या निबंधांत याचा फरक पडलेला मला स्पष्ट जाणवतो.

इतिहासात वसाहतींपासून अमेरिकन क्रांतीपर्यंतचा काळ. न्यू जर्सीत राहण्याचा इथे फायदा: सहल डेलावेअर नदीकाठी वॉशिंग्टन क्रॉसिंगला गेली. १७७६ च्या नाताळच्या रात्री बर्फाचे तुकडे वाहणारी ही नदी ओलांडून वॉशिंग्टनच्या सैन्याने सकाळी ट्रेंटनमधल्या हेसियन फौजेवर (इंग्रजांनी भाड्याने आणलेल्या जर्मन सैनिकांवर) छापा घातला. बॉस्टन बंदरात १६ डिसेंबर १७७३ ला कराच्या निषेधात बुडवलेल्या चहाच्या ३४२ पेट्या ईस्ट इंडिया कंपनीच्या होत्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला होता, आणि पुढे त्याच कंपनीच्या दारात राघोबा मदत मागायला गेले. यॉर्कटाउनला १७८१ मध्ये हरलेला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस पुढे १७८६ मध्ये आपल्याकडे गव्हर्नर जनरल होऊन आला. शाळा हे सांगत नाही आणि तिने सांगावं अशी अपेक्षाही नाही, पण धडा वाचून झाला की एवढी भर घरी जरूर घाला. मुलांना ते फार आवडतं.

आता गणित. अपूर्णांकांची बेरीज-गुणाकार, हजारांशापर्यंतचे दशांश, घनफळ, असा इथल्या पाचवीचा नेहमीचाच अभ्यासक्रम. शिकवण्याची पद्धत चांगली आहे. २/३ अधिक १/४ असेल तर आधी चौकोन काढायचा, तीन उभे आणि चार आडवे भाग पाडायचे, बारा घरं होतात. त्यातली आठ आणि तीन रंगवली की ११/१२ समोर दिसतं. आपण लसावि काढून मोकळे होतो, समच्छेद का करायचे ते तेव्हा कोणी दाखवलं नव्हतं. पण सगळा वर्ग एकाच गतीने चालतो. पुढे असलेल्या मुलांसाठी वेगळा गट नाही, आणि जमलेल्याच गणितांचे कागद पुन्हा घरी येतात. याबद्दल बोललो तर उत्तर मिळालं की शिक्षक कमी आहेत. उत्तर खरं आहे, तरी प्रश्न सुटत नाही. स्पॅनिश, चित्रकला, संगीत हे आठवड्याला एकेक तास, नावापुरते.

पैशाचं थोडक्यात. पॅरिशच्या (स्थानिक चर्चच्या) सदस्यांना फी कमी, आपल्यासारख्यांना पूर्ण. ओहायो किंवा फ्लोरिडासारखं व्हाउचर, म्हणजे खासगी शाळेच्या फीसाठी सरकारी पैसा, न्यू जर्सीत नाही. ५२९ खात्यातून (शिक्षणासाठीच्या करसवलतीच्या बचत खात्यातून) शाळेची फी भरायला केंद्रीय कायद्याने २०१८ पासून परवानगी आहे, त्याचा आम्हाला उपयोग झाला. फीशिवाय गणवेश, पालकांनी द्यायचे कामाचे तास आणि रॅफलची (सोडतीची) तिकिटं. तिकिटं खपली नाहीत तर ती आपणच घ्यायची, हे कुठे लिहिलेलं नसतं.

सहावीलाही तिला आम्ही इथेच ठेवतोय, गणिताची सोय बाहेर करून. तुम्ही बघायला जाणार असाल तर जानेवारीअखेरीस सुरू होणाऱ्या कॅथलिक स्कूल्स वीकमध्ये बऱ्याच शाळा दारं उघडी ठेवतात. तेव्हा भिंतींवरचे सजवलेले फलक बघण्यात वेळ घालवू नका. पाचवीच्या एखाद्या मुलाची गणिताची आणि धर्माची वही मागून घ्या, आणि प्रयोगशाळा कितवीपासून वापरायला मिळते ते विचारा.