गच्चीवर सोलर लावायचं की छोटी पवनचक्की?

देवासजवळच्या जामगोदरानीच्या टेकड्यांवर जाऊन आलेला माणूस पवनचक्कीच्या प्रेमात पडूनच परततो. आमचे साडूही असेच परतले आणि दोन दिवसांत फोन आला, "गच्चीवर एक छोटी चक्की बसवली तर? शब-ए-मालवा, म्हणजे माळव्याची रात्र, उगाच म्हणत नाहीत; आपल्याकडे रात्रीही वारा असतो." तीन किलोवॉट सोलरचं कोटेशन हातात होतं, तरी मन चक्कीकडे ओढत होतं. इंदुरात स्वतःचं घर असलेल्या आणखी दोघा-तिघांनी हेच विचारलंय, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

आधी टेकडीवरची गंमत. लांबून पाती कशी निवांत फिरताना दिसतात! पण दोन मेगावॉटच्या चक्कीचं पातं पन्नासेक मीटर लांब असतं. मिनिटाला पंधरा फेरे धरले तर त्याचं टोक ताशी २८० किलोमीटरने धावतं. खाली बुंध्याशी उभं राहिलं की सेकंद-सव्वा सेकंदाला डोक्यावरून 'सूंऽप' असा आवाज जातो आणि सावली पायांवरून सरकते. ही सगळी करामत दोन गोष्टींची. पात्याची लांबी दुप्पट झाली की वीज चौपट होते, आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की आठपट. उलटही तितकंच खरं. वारा निम्मा झाला की वीज आठव्या हिश्शावर येते. एवढे उंच मनोरे टेकडीच्या माथ्यावर उभारतात ते त्यासाठीच.

गच्चीवर नेमकं हेच मिळत नाही. दोन मीटर व्यासाची चक्की घ्या, वारा ताशी पंधरा किलोमीटर धरा. त्या वाऱ्यात मुळात सव्वाशे वॉटच्या आसपास ताकद असते. त्यातली ५९ टक्क्यांहून जास्त कोणतीच चक्की काढू शकत नाही, हा भौतिकशास्त्राचा नियमच आहे. घरगुती चक्कीच्या हाती तिसरा हिस्सा लागला तरी पुष्कळ. म्हणजे चाळीस वॉट, कमी वीज खाणाऱ्या एका बीएलडीसी पंख्यापुरते. वाऱ्यातून वीज काढायची आणि त्या विजेवर पंखा लावून पुन्हा वाराच घ्यायचा! त्यापेक्षा खिडकी उघडावी.

शिवाय लोकमान्य नगरसारख्या वस्तीत वारा सरळ येतो कुठे? कठड्याला एक फडकं बांधून बघा. घटकेत पूर्वेला, घटकेत उत्तरेला, मधेच लुळं पडतं. अशा भोवऱ्यात पाती नुसती इकडेतिकडे तोंड फिरवत राहतात आणि थरथर स्लॅबमधून खालच्या खोलीत उतरते. बेअरिंगची देखभाल वेगळीच.

आता सोलर. तीन किलोवॉटला साधारण तीनशे चौरस फूट मोकळी जागा लागते. आपल्याकडच्या उन्हात वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला बारा युनिटच्या आसपास मिळतात. खर्च दीड ते दोन लाख, त्यातले ७८,००० रुपये २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत अनुदान म्हणून परत येतात. नेट मीटरमुळे दिवसा जास्तीची वीज लाइनवर जाते आणि बिलात वळती होते. चक्कीशी तुलना इथेच संपते खरं तर.

पण सोलरवालेही सगळं सांगत नाहीत. माझ्या स्वतःच्या पॅनलवर दुपारी तीननंतर शेजारच्या टाकीची सावली पडते, आणि एका पॅनलवर सावली आली की त्याच्याबरोबर जोडलेली सगळी रांग मंदावते. बसवणाऱ्याने जागा सकाळी अकराला पाहिली होती, मीही मान डोलावली. दुसरं, लाइन गेली की साधं सोलरही बंद पडतं, भर उन्हातसुद्धा. खांबावर काम करणाऱ्या माणसाला झटका बसू नये म्हणून सोलरचा इन्व्हर्टर आपोआप लाइनपासून वेगळा होतो. बॅटरी हवी असेल तर खर्च वाढतो. मे महिन्यात पॅनल तापून थोडं कमी देतं, आणि ढगाळ जुलै-ऑगस्टमध्ये तर हात आखडताच असतो.

त्याच जुलैत माळव्याच्या टेकड्यांवर चक्क्या जोरात असतात. म्हणून चक्की मोडीत काढू नका, तिची जागा फक्त तुमची गच्ची नाही. लाइनवर ऊन आणि वारा एकमेकांची उणीव बऱ्यापैकी भरून काढतात, आणि तेवढा खंडव्याच्या सिंगाजी वीज केंद्रात कोळसा कमी जळतो. आपल्या नळाला येणारं नर्मदेचं पाणीसुद्धा जलूदहून सत्तरेक किलोमीटर, चारशे मीटरहून जास्त उंची चढवून आणलेलं असतं. ती वीज उन्हातून मिळावी म्हणून इंदूर महानगरपालिकेने २०२३ मध्ये २४४ कोटींचे हरित रोखे (ग्रीन बाँड, म्हणजे अशा कामासाठी लोकांकडून व्याजाने घेतलेलं कर्ज) काढले, ६० मेगावॉटच्या सोलर प्रकल्पासाठी. सामान्य माणसांनाही ते घेता आले. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी पुढे असं काही निघालं तर डोळे उघडे ठेवावेत.

छोट्या चक्कीला मी एकाच ठिकाणी होकार देईन. उघड्या माळावरचं शेत, आजूबाजूला झाड नाही, वीज कंपनीची लाइन पोचलेली नाही आणि सोलरसोबत बॅटरी आधीच आहे. तिथेही आधी वर्षभर वारा मोजावा.

साडूंनी शेवटी सोलरच घेतलं. पण डिसेंबरात, सूर्य सगळ्यात खाली असताना, सकाळी नऊला, बाराला आणि तीनला त्यांनी गच्चीवर खडूने टाकीच्या सावलीची रेघ आखली. रेघेच्या अलीकडे सहा पॅनल बसत होते. मग सही केली.