गच्चीवर फायबरवालं वॉटरप्रूफिंग केलं, एक अख्खा पावसाळा काढला, त्याचा अनुभव

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगतो. कर्वेनगरातली आमची सोसायटी नव्वदच्या दशकातली, एका विंगची गच्ची साधारण १८०० स्क्वेअर फूट, खाली ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा आणि सिमेंटचा जाड थर) आणि वर दोरीने चौकोन पाडलेलं सिमेंट, म्हणजे पुण्यात त्या काळच्या निम्म्या बिल्डिंगांवर असतं तेच. त्यावर २०२५ च्या गुढीपाडव्यानंतर लगेच फायबर रिइन्फोर्स्ड अ‍ॅक्रिलिक मेंब्रेन मारून घेतलं, तेच ते बादलीत येणारं पांढरं घट्ट मटेरियल. आता पावसाळाही गेला, दिवाळीही गेली. मधली गच्ची ठणठणीत कोरडी राहिली, जो काय त्रास झाला तो सगळा कडेने झाला.

कंपनीचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण दोन-तीन कंपन्यांच्या डेटाशीट शेजारी ठेवून वाचल्या तर फार फरक दिसत नाही, फरक मारणाऱ्यात आहे.

पहिला प्रश्न होता की कोबा फोडून नवीन घालायचा का. कमिटीतल्या दोघा काकांचं म्हणणं, कोब्याला पर्याय नाही, तीस वर्षं टिकला की. बरोबरच आहे, टिकला. पण फोडायचा म्हणजे राडारोडा तीन मजले खाली आणायचा, ट्रक लावायचे, आणि रेट आमच्याकडे जे आले ते मेंब्रेनच्या जवळजवळ तिप्पट. मग कोणीतरी म्हणालं फोडू नका, त्याच्यावरच अजून एक थर घाला. हे मात्र कोणीही करू नका बाबांनो. चार-साडेचार इंच कोबा म्हणजे चौरस मीटरला सहज २०० किलो, आमच्या गच्चीला हिशोब केला तर ३० टनांच्या वर, आणि हे वजन जुन्या स्लॅबवर कायमचं बसणार. स्ट्रक्चरल इंजिनिअरने ऐकल्या ऐकल्याच नाही म्हणून सांगितलं.

पैशावरून नेहमीचा वाद झालाच, खालचे म्हणतात आमच्याकडे गळत नाही आम्ही का द्यायचे. मॉडेल बायलॉजमध्ये, म्हणजे हाउसिंग सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत, स्वच्छ लिहिलंय की गच्चीतून पावसाचं पाणी झिरपून वरच्या मजल्याच्या सीलिंगचं आणि प्लास्टरचं नुकसान झालं तर दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने. तो कागद वाचून दाखवला, विषय संपला.

आता मुख्य गोष्ट, जाडी. यावर जरा लांबण लावतो कारण सगळी मेख इथेच आहे. एक लिटर मटेरियल एका चौरस मीटरवर पसरलं की ओला थर बरोबर १ मिलिमीटरचा होतो, हे साधं गणित आहे. पण त्यात पाणी असतं, आमच्या मटेरियलमध्ये धरून चाला जवळपास निम्मं, ते उडून गेलं की हातात उरतो अर्धा मिलिमीटर. म्हणजे वाळल्यावर १ मिलिमीटर पाहिजे असेल तर मीटरला २ लिटर लागणार. आमची गच्ची १६७ चौरस मीटर, म्हणजे ३३४ लिटर, म्हणजे २० लिटरच्या सतरा बादल्या. पहिल्या कॉन्ट्रॅक्टरच्या कोटेशनमध्ये किती होत्या? आठ. आणि वर ‘तीन कोट’ लिहिलेलं. तीन काय, पाणी घालून सहा कोट पण बसतील आठ बादल्यांत. त्यामुळे कोट मोजू नका, बादल्या मोजा. आम्ही दुसऱ्याला काम दिलं ते याच अटीवर, की सीलबंद बादल्या वर आमच्यासमोर फोडायच्या, रिकाम्या झालेल्या काम संपेपर्यंत गच्चीवरच ठेवायच्या, आणि पाणी फक्त प्रायमरच्या, म्हणजे सगळ्यात पहिल्या पातळ हातात, नंतरच्या कुठल्याच कोटात नाही. रेट त्याचा स्क्वेअर फुटाला पन्नास ते साठच्या मध्ये पडला, वर जीएसटी. पहिलावाला स्वस्त होता, पण त्याच्या आठ बादल्यांच्या हिशोबाने बघितलं तर तोच महाग.

दुसरं, बादलीवर ‘फायबर’ लिहिलंय म्हणून जाळी लागत नाही असं सांगणारे भेटतील. आतमध्ये बारीक कापलेले तंतू असतात, ते थराला ताकद देतात, केसाएवढ्या भेगा त्याने धरल्या जातात, आमच्या दोरीच्या चौकोनांतल्या भेगा अजून वर आलेल्या नाहीत. पण जिथे स्लॅब आणि भिंत भेटते, पाइप बाहेर येतो, टाकीचं पेडेस्टल आहे, तिथे उन्हाने रोज हालचाल होते, तिथे पहिल्या आणि दुसऱ्या कोटाच्या मध्ये फायबरग्लासची जाळी दाबलीच पाहिजे. आमच्याकडे सगळ्या वाट्यांवर (भिंतीच्या कडेचा गोलवा हो, तो पण जुना ठोकून पॉलिमर मॉर्टरने नवीन केला), पावसाच्या पाइपांच्या तोंडाशी आणि सोलरच्या स्टँडच्या पायांशी जाळी घातली. सोलर वॉटर हीटरचे स्टँड उचलायला प्लंबर तयारच नव्हता, म्हणे भोवतीने मारा. भोवतीने मारून काय उपयोग, गळती पायाखालूनच होती! शेवटी उचलायला लावले.

काम करताना एप्रिलच्या उन्हाचा प्रॉब्लेम येतो. सगळ्यांना वाटतं कडक ऊन म्हणजे वाळायला बेस्ट, पण तापलेल्या स्लॅबवर वरची साय पटकन धरते आणि आतलं पाणी अडकून बसतं, मग फुगे. आमची मंडळी सकाळी दहापर्यंत आणि परत संध्याकाळी मारायची, मधे सावलीत आराम, आणि एक कोट उभा तर दुसरा आडवा. त्याआधी कोब्यातली ओल बघायला प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवला होता, सकाळी खाली घाम दिसला तर थांबायचं. टाकीजवळ दिसलाच घाम, ओव्हरफ्लो वर्षानुवर्षं तिथे पडत होता. तो भाग शेवटी केला, तरी पूर्ण वाळला नव्हता असं आता वाटतंय, खाली सांगतो. सगळं झाल्यावर आठवडाभर काही केलं नाही, मग पाइपांची तोंडं बंद करून ४८ तास पाणी भरून ठेवलं.

लवकर उरकलं हे नशीबच. त्या वर्षी मे महिन्यातच धो धो सुरू झालं आणि २६ मे ला मान्सून पुण्यात दाखल, एरवी जूनचा दुसरा आठवडा उजाडतो. शेजारच्या सोसायटीवाल्यांनी मे अखेरची तारीख घेतली होती, भावासाठी घासाघीस करत बसले, आणि मग चार महिने निळी ताडपत्री. हे काम ओल्यावर होतच नाही, त्यामुळे पाडव्याच्या आसपासच काढा.

पावसाळ्यात काय झालं ते सांगतो. वरच्या मजल्यावर चार फ्लॅट, तीन पूर्ण कोरडे. चौथ्या फ्लॅटमधल्या काकूंचा जुलैत फोन, “अहो, बेडरूमच्या कोपऱ्यात परत डाग आलाय, एवढे पैसे घालून काय केलंत?” कॉन्ट्रॅक्टरला बोलावलं, तो म्हणाला गच्ची ओके आहे, आम्हाला वाटलं हात झटकतोय. पण दोन दिवस उघडीप असताना त्याच कोपऱ्यात वर पाणी साठवून ठेवलं तर डाग जरासुद्धा वाढला नाही. मग पॅरापेटवर, म्हणजे गच्चीच्या कठड्यावर, हात फिरवला तेव्हा कळलं. मेंब्रेन आतल्या बाजूने फूटभर वर चढवलेलं, छान. पण पॅरापेटच्या माथ्याच्या प्लास्टरला लांबलचक भेग, पाणी तिथून भिंतीच्या पोटात आणि मेंब्रेनच्या मागून खाली. गच्चीची फरशी कितीही चांगली करा, माथा उघडा असेल तर पाणी मागच्या दाराने येणारच. कोटेशनमध्ये पॅरापेटचा माथा लिहिलेलाच नसतो, तुम्ही लिहून घ्या. आमचा नंतर भेग भरून, जाळी घालून वेगळ्या पैशात करून घेतला, परतीच्या पावसात काकूंचा कोपरा कोरडा.

दुसरी गोष्ट फुगे. टाकीजवळच्या त्या ओल्या भागात ऑक्टोबरच्या उन्हात तळहाताएवढे तीन-चार फुगे आले. आतली ओल वाफ होऊन वर ढकलते. कापून, वाळवून, जाळीचं ठिगळ लावलं. आणि एका कोपऱ्यात उतार कमी असल्याने पाणी दोन-दोन दिवस साचतं, तिथला थर पावसाळ्यात नखाने दाबला तर मऊ लागायचा, वाळल्यावर परत ठीक. हे अ‍ॅक्रिलिकचं लंगडं अंग आहे, साचलेलं पाणी त्याला सोसत नाही. वॉरंटीच्या कागदात पण बारीक अक्षरात तेच लिहिलंय, पाणी साचत असेल तर लागू नाही. म्हणजे आधी उतार सुधारा. आणि वॉरंटी म्हणजे कंपनीची फक्त मटेरियलवर, मजुरीचं कॉन्ट्रॅक्टरने आपल्या लेटरहेडवर दिलंय, त्याचा किती उपयोग ते देव जाणे.

बाकी वापराचं म्हणाल तर उन्हाळ्यात वरच्या मजल्यावर रात्री सीलिंग पूर्वीसारखं भट्टी लागत नाही, हे चौघांनीही आपणहून सांगितलं. पांढरा रंग मात्र दिवाळीपर्यंत करडा झाला, पुण्याची धूळ आणि कबुतरं, धुतलं की बऱ्यापैकी येतो. कोजागिरीला लोखंडी खुर्च्या नेल्या होत्या, पायांचे व्रण उठलेत, खाली सतरंजी टाका. वाळवणाला खाट वापरा. फटाके गच्चीवर पूर्ण बंद, एका भुईचक्राने रुपयाएवढं भोक पाडलंय. पण सगळ्यात मोठा शत्रू इंटरनेटवाला. वायर न्यायला त्याने सरळ वाट्यात ड्रिल मारून स्क्रू ठोकला, कोणाला न विचारता. आता गच्चीची चावी वॉचमनकडे नसते.

कोणी विचारेल आमच्याकडे करू का, तर आधी एक हातोडी घेऊन गच्चीभर ठोकत फिरा. ठणठण वाजलं तर खुशाल करा. बऱ्याच जागी पोकळ वाजलं तर कोबा स्लॅबपासून सुटलाय, खाली पाणी फिरतंय, त्यावर मेंब्रेन मारणं म्हणजे पैसे घालवणं, तो भाग फोडावाच लागेल. आमच्या दुसऱ्या विंगला नेमकं तसंच वाजतंय, त्यामुळे तिथे यंदा कमिटीने कोब्याचंच कोटेशन मागवलंय.